घराच्या माथ्यावर पदर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण कोणातरी बाहेरच्या विदुषींना बोलावतो. यंदा कार्यकारिणीने घरचीच बाई उभी करावयाचे ठरवले आणि ती माळ माझ्या गळ्यात पडली. मी बांधकामातील जाणकार नव्हे. भाकऱ्या थापणारी, पाणी भरणारी, दुधाचा हिशेब लिहिणारी तुमच्यासारखीच एक गृहिणी आहे. परंतु घर तापते कसे आणि ते निवते कसे, एवढा एक विषय मी ठेच खाऊन शिकले आहे. पुढच्यास ठेच लागली म्हणजे मागचा शहाणा होतो म्हणतात. तेव्हा माझी ठेच तुमच्यापुढे मांडावी आणि जमल्यास तुमची वाचवावी, इतकाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

आमचे जुने घर तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलेले आहे. मंगळुरी कौले, सागाचे वासे, पुढे पडवी, मध्ये माजघर आणि वर पोटमाळा. दरसाल पावसाळ्यापूर्वी कौले चाळावयाची, माकडांनी फोडलेली बदलावयाची, वाळवी लागली का ते पाहावयाचे. या व्यापाला मी कंटाळले होते. शेजारी एकामागून एक स्लॅबची घरे उठत होती. “आपणही स्लॅब घालू या,” हा धोशा घरात माझाच होता, हे मी आज चारचौघींत कबूल करते. २०१२ साली कौले उतरली, स्लॅब पडला आणि पुढे त्यावर एक खोलीही चढली. दोन-तीन पावसाळ्यांनंतर वरच्या स्लॅबला ठिबका लागला. मिस्त्रीने त्यावर डांबराचा काळा थर पसरून दिला. ठिबका थांबला, आम्ही समाधान मानले.

ती वरची खोली मी सासूबाईंना दिली. नवी फरशी, मोठी खिडकी, जवळच न्हाणीघर. त्यांना पोथी वाचायला निवांतपणा मिळेल, नातवंडांचा गलका नको, असा माझा विचार. त्या म्हणाल्या होत्या, “अगं, मला आपलं माजघरच बरं.” मी ऐकले नाही. मायेने का होईना, पण ऐकले नाही.

२०१८ सालच्या मे महिन्यातील गोष्ट. खाली लग्नघराची धांदल होती. दुपारी चारला मी चहा घेऊन वर गेले. सासूबाई पलंगावर पडलेल्या, अंग कोरडे आणि भाजल्यासारखे तापलेले. मी हाक मारली तर माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “तू कोणाची गं?” तीस वर्षे एका चुलीवर रांधलेल्या सुनेला त्यांनी ओळखले नाही. माझ्या हातातला कप तिथेच पडला. ओले पंचे अंगावर टाकले, वारा घातला आणि रिक्षात घालून पालघर गाठले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, “उन्हात गेल्या होत्या का?” मी सांगितले, दोन दिवसांत त्यांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेले नाही. डॉक्टर म्हणाले, “मग ऊनच त्यांच्या खोलीत आले असेल.”

आठ दिवसांनी सासूबाई घरी आल्या. देवाच्या दयेने आजही आहेत आणि समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत. परंतु डॉक्टरांचे ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. त्याच रात्री मी त्या खोलीत एकटी जाऊन बसले. रात्रीचे दहा वाजले होते. स्टुलावर चढून छताला हात लावला, तर चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखे ते ऊन होते. पंखा फिरत होता आणि तीच ऊब खाली ढकलत होता. दारे-खिडक्या, पडदे, पंखे सगळ्यांचा मी विचार केला होता. घराच्या माथ्याचा मात्र केला नव्हता.

भगिनींनो, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आपल्या गावात एक दिवस असा येतो की भर दुपारी उभ्या माणसाची सावली त्याच्या पायांखाली नाहीशी होते. सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या दिवसांत भिंतींना ऊन तिरपे लागते, तेही पूर्वेच्या भिंतीला सकाळी आणि पश्चिमेच्या भिंतीला दुपारनंतर. छप्पर मात्र सकाळी आठापासून सायंकाळी पाचापर्यंत सरळ ऊन खात असते. म्हणून एकमजली घरात किंवा वरच्या मजल्यावर उष्णतेचा मोठा वाटा माथ्यावरून येतो. त्यातून माथा काळा असला म्हणजे विचारूच नका. काळे डांबर १०० भाग उन्हातले ९० हून अधिक भाग पिऊन टाकते. जुना मळका सिमेंटचा स्लॅब साधारण ७० भाग पितो. नुकताच लावलेला पांढरा चुना वीस-पंचवीस भागच घेतो आणि बाकीचे ऊन आल्या वाटेने परत लावतो. पावसाचे चार थेंब अडवण्यासाठी आम्ही आठ महिन्यांचे ऊन घरात बोलावले होते. काळी छत्री आणि पांढरा पदर यांतला फरक आपण शेतावर जाताना जाणतो, घरासाठी मात्र विसरतो.

आता उष्णता अडवावयाची म्हणजे काय, हे काही नवे शास्त्र नाही. आपण ते रोज स्वयंपाकघरात वापरतो. तापलेले पातेले उघड्या हाताने धरवत नाही, घडी घातलेल्या फडक्याने धरवते. का, तर फडक्याच्या घड्यांत हवा अडकलेली असते आणि अडकलेली हवा उष्णतेला सहज वाट देत नाही. गोधडीची ऊब कापडात नसते, थरांत कोंडलेल्या हवेत असते. सातपाटीच्या मासळीबाईला विचारा, बर्फाच्या लादीवर ती गोणपाट का घालते. ते गोणपाट गरम कपडा नव्हे आणि गारही नव्हे. आतली थंडी आत व बाहेरची उष्णता बाहेर ठेवणारा तो पहारेकरी आहे. १८३३ साली अमेरिकेतील बॉस्टन बंदरातून कलकत्त्यास जहाजाने बर्फ आला होता. चार महिन्यांचा प्रवास, दोन वेळा विषुववृत्त ओलांडावयाचे. १८० टन बर्फ भरला होता, त्यातला सुमारे १०० टन शाबूत पोचला. विजेचे यंत्र तर नव्हतेच. भोवती भुशासारख्या वस्तूंचा जाड थर होता, एवढेच. बर्फ जर विषुववृत्तावरून जाऊ शकतो, तर आपली म्हातारी माणसे वैशाखातून सुखाने का जाऊ नयेत?

या नजरेने मी जुन्या घरांकडे पुन्हा पाहिले, तेव्हा पूर्वजांची एकेक युक्ती ध्यानात आली. पोटमाळा आपण अडगळीची जागा समजत होतो. खरे पाहता तो घराच्या डोक्यावरचा जाड शेला होता. कौले तापत, ती ऊब माळ्यावर राही, आणि कौलांच्या फटींतून वर निघून जाई. खाली फळ्यांच्या तक्तपोशीखाली माजघर निवांत असे. पाड्यावरच्या वारली घराचा कूड पाहा. कारवीच्या काठ्या, त्यावर शेणामातीचा लेप. तो फार तापत नाही, आणि कूड व छप्पर यांच्यामध्ये राहिलेल्या फटीतून वारा खेळतो. अंगणात पाल्याचा मांडव घातला की दुपारची बैठक तिथेच. मी जुन्याचे गोडवे गाण्यास उभी नाही. कौलातून गळत होते, सापविंचू पडत होते, आगीची धास्ती होती, आणि कौले चाळण्यास आता माणूस मिळत नाही. मागे कोणीच जावयाचे नाही. परंतु घर बदलताना त्यातली छत्री आपण फेकून दिली, एवढे ओळखावयाचे.

येथे एक सावधगिरीची सूचना. आपली माहेरची, मावशीची माणसे खानदेशात, विदर्भात असतात. तिकडचे उपाय आपण इकडे आणतो. वाळ्याचे पडदे, पाण्याचा कूलर, दुपारी दारे-खिडक्या घट्ट बंद. तिकडची हवा कोरडी असते, रात्री पारा पुष्कळ खाली उतरतो. जाड मातीची भिंत रात्री गार होते आणि दिवसभर तो गारवा पुरवते. आपली कोकणपट्टी वेगळी. मुंबईस मे महिन्यात दिवसाचे कमाल तापमान सरासरी ३३-३४ अंश असते आणि रात्रीही पारा २७ अंशांच्या आसपासच थांबतो. शिवाय हवेत इतका दमटपणा की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही. कूलर त्या दमट हवेत आणखी पाणीच मिसळतो. म्हणूनच हवामान खाते सपाटीच्या प्रदेशात ४० अंशांखाली उष्णतेची लाट मानत नाही, परंतु किनाऱ्यावर ३७ अंशांपासून ती मोजू लागते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे मोठ्या सोहळ्यानंतर उष्माघाताने माणसे दगावली, ती पारा चाळिशीच्या आत असताना. तेव्हा “आपल्याकडे नागपूरसारखे ऊन नाही” या समाधानात राहू नका.

यावरून आपल्या भागासाठी मी एक साधे सूत्र बांधले आहे. ऊन अडवा, वारा सोडा. दोन्ही हात लागतात. नुसते ऊन अडवून घर बंद केले तर माणसांची, गॅसची, फ्रिजची उष्णता आतच साठते. मे महिन्यात गोधडी पांघरून निजल्यासारखे होते. नुसता वारा सोडला आणि माथा तापू दिला तर वारा भट्टीतून आल्यासारखा येतो.

हे सूत्र मला सुचण्यापूर्वी आम्ही आणखी एकदा फसलो, तेही सांगते. दवाखान्यातून आल्याबरोबर घाईघाईने आम्ही त्या खोलीला आतून थर्माकोलचे छत मारून घेतले. थर्माकोल चांगलाच पहारेकरी आहे. काँक्रीटमधून उष्णता जितकी सहज जाते, त्याच्या सुमारे चाळिसाव्या हिश्शानेच ती थर्माकोलमधून जाते. उरलेला उन्हाळा बरा गेला. पण आमच्या स्लॅबचा ठिबका एका कोपऱ्यात शिल्लक होता. पावसाळ्यात वर पाणी मुरले, छताआड ओल साठली, बुरशीचा वास सुटला, मुंग्यांनी आणि उंदरांनी बिऱ्हाड केले. भाद्रपदात सगळे उपटून टाकावे लागले. यातून दोन धडे मिळाले. आधी गळती पुरती थांबवावयाची, मगच उष्णतेचा उपाय. आणि होता होईल तो उपाय स्लॅबच्या डोक्यावर करावयाचा, पोटाखाली नव्हे. डोक्यावर केला म्हणजे स्लॅब तापतच नाही. पोटाखाली केला म्हणजे स्लॅब तापतो तसाच, फक्त आपल्याला दिसत नाही.

तिसऱ्या खेपेस मात्र नीट केले. डांबर खरवडून काढले, गळती बुजवली, उतार काढला आणि स्लॅबवर पांढरा हात दिला. एक दोनशे रुपयांचा तापमापक आणून दोन्ही मजल्यांवर आळीपाळीने लावला आणि दुधाच्या वहीतच आकडे लिहू लागले. डांबर होते तेव्हा दुपारी चारला वरची खोली खालच्यापेक्षा पाच अंशांनी अधिक तापत असे. पांढऱ्या हातानंतर तो फरक दोनावर आला. त्याहून मोठा फरक रात्री जाणवला. छत तव्यासारखे लागेनासे झाले. आता प्रत्येक घराचा माथा निराळा असतो, म्हणून एकेक प्रकार घेते.

प्रथम स्लॅब. सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. होळी झाली की पाडव्यापर्यंत हे काम उरकावे. कळीचा चुना लोखंडी पिंपात किंवा घमेल्यात पाणी आधी घालून, मग त्यात थोडा थोडा सोडून विरवावा. प्लास्टिकच्या बादलीत नको, तो उकळतो. रात्रभर ठेवून फडक्याने गाळावा आणि पकड येण्यास त्यात विरघळलेला डिंक किंवा फेव्हिकॉल घालावा. गच्ची धुऊन, ओली करून, सकाळी किंवा सायंकाळी दोन-तीन पातळ हात द्यावेत. डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेतच, आणि मुलांना त्या दिवशी गच्चीवर येऊ देऊ नये. चुन्याचा थेंब डोळ्यात गेल्यास लगेच भरपूर पाण्याने धुऊन दवाखाना गाठावा. आमच्या गच्चीला जो खर्च आला, तो एका बऱ्या साडीहून कमी होता. याला खोड एकच. आपल्या पावसात शेवाळ धरते आणि पांढरे हिरवे-काळे होते, म्हणून दरसाल हात द्यावा लागतो. पूर्वी कौले चाळत होतो, आता चुना देऊ, असे मी मनाला समजावले आहे. बाजारात उन्हासाठीचे खास पांढरे रंगही मिळतात. ते अधिक टिकतात, पण धुवावे तेही लागतात.

ज्यांना एकदाच खर्च करून मोकळे व्हावयाचे आहे त्यांनी स्लॅबवर दाट फोमच्या दीड-दोन इंची पाट्या, त्यावर कोबा आणि शेवटी पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचे चायना मोझॅक करून घ्यावे. केंद्र सरकारने २०१८ साली नव्या निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. तिच्यात छपराला मर्यादा घातली आहे. आतबाहेर एका अंशाचा फरक असता, दर चौरस मीटरमागे १.२ वॅटहून अधिक उष्णता आत येऊ नये. आपला उघडा सहा इंची स्लॅब ३ वॅटहून अधिक आत घेतो. अशा पाट्या घातल्या की तो त्या मर्यादेच्या खूप आत येतो. मात्र जुन्या स्लॅबवर वजन चढवण्यापूर्वी जाणत्या इंजिनियरला दाखवावे. घराच्या गच्चीवर सौर वीज बसवणार असाल तर त्या तावदानांचीही सावली पडते, हा जोडलाभ.

दुसरा प्रकार पत्र्याचा. बोईसरला कारखान्यांत कामाला असलेली आपली किती मुले पत्र्याच्या खोल्यांतून राहतात! पत्रा पातळ; सकाळी नऊला तापला की त्याची धग सरळ डोक्यावर येते. त्यावर वरून पांढरा हात, आणि खाली थोडी जागा सोडून बांबूच्या चटयांचे किंवा चंदेरी कागद लावलेल्या चादरीचे छत, हे दोन उपाय. चंदेरी बाजू असेल तर ती पोकळीकडे हवी. पत्र्याला चिकटवून टाकली तर तिचा गुण जातो. पोकळीला दोन्ही टोकांस वारा जाण्यास वाट ठेवावी, म्हणजे पोटमाळ्याचेच काम ती करते. परंतु दोन गोष्टी अगदी गाठ मारून ठेवा. सिमेंटच्या पत्र्यावर कधी सरळ पाय देऊ नये. तो दिसतो भक्कम आणि फुटतो पापडासारखा. आडवी फळी टाकून, तुळईच्या रेषेवरूनच जावे. आणि त्यातील पुष्कळ पत्र्यांत ॲसबेस्टॉसचे तंतू असतात. सुका पत्रा तारेच्या ब्रशाने घासला, कापला वा भोके पाडली की ते तंतू हवेत उडतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊन वर्षांनी कर्करोगासारखी दुखणी आणतात. म्हणून खरवडू नये. पाणी मारून, मऊ कुंचल्याने नुसता रंग द्यावा. थर्माकोल किंवा फोम चुलीच्या, गॅसच्या वर कधीही लावू नये. तो पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

तिसरा प्रकार कौलांचा. ज्यांची कौले अजून आहेत त्यांनी माझ्यासारखी घाई करू नये, एवढेच सांगेन. माळा साफ करा, पण काढू नका. माळा नसेल तर वाशांखाली चटयांचे छत करा. माळ्यावर पेंढा भरू नका. ऊन अडते खरे, पण उंदीर आणि आग यांना आमंत्रण जाते.

आणि ज्यांच्याकडे पैसा नाही, मिस्त्री नाही, त्यांच्यासाठी सर्वांत जुना उपाय मांडवाचा. गच्चीवर दोन-तीन फूट उंच बांबू बांधून हिरवी जाळी किंवा झावळ्या घाला. अंगणातून घोसाळी, तोंडलीचा वेल पश्चिमेच्या भिंतीवर चढवा. ऊन भिंतीला लागण्यापूर्वी अडले, तर भिंतीत उपाय करावयाची गरजच उरत नाही. मेअखेरीस वादळवारा सुटण्यापूर्वी जाळी मात्र उतरवा.

वाऱ्याविषयी थोडक्यात. दुपारनंतर आपल्याकडे पश्चिमेचा वारा सुटतो. त्या अंगाच्या खिडकीवर छज्जा किंवा चटई असावी, म्हणजे वारा येतो आणि ऊन येत नाही. समोरच्या भिंतीला वर झरोका ठेवा. आलेल्या वाऱ्याला जाण्यास वाट नसेल तर तो येतच नाही. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर उष्ण हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा लावा. घरात सर्वांत जास्त तास कोण कुठे तापते, हे मला या सभेत सांगावयास नको. पुरुषमंडळी खर्चाला कां-कूं करतील, तेव्हा त्यांना एकदा दुपारी बारा वाजता पोळ्या लाटायला बसवा.

एअरकंडिशनर घेणाऱ्यांनाही एकच विनंती. आधी माथा झाका, मग यंत्र घ्या. लहान यंत्रात भागेल आणि बिलही कमी येईल. थंड केलेल्या खोलीच्या छतात किंवा भिंतीत उष्णतारोधक थर घालाल तर ओल रोखणारा पदर बाहेरच्या अंगाला हवा. थंड देशांत तो आतून लावतात, कारण तिकडे ओल आतून बाहेर जाते. आपल्याकडे दमट हवा बाहेरून आत येते आणि गार पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. तांब्यात गार पाणी घातले की तांब्याला घाम येतो, तसेच. थर भिजला की गोधडी भिजल्यासारखा निरुपयोगी होतो.

भगिनींनो, हे काम एकट्या-दुकट्या घराचे राहू नये असे मला वाटते. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेने नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेपासून बचावाची योजना आखली आणि पुढे वस्त्यांमधील छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. त्या कामात तिथल्या महिला हाउसिंग ट्रस्टच्या बायका दारोदार गेल्या. तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. जे अहमदाबादच्या बायकांनी केले ते सूर्येच्या काठच्या बायकांना न जमण्यासारखे काय आहे?

म्हणून आज मी मंडळापुढे एक सूचना ठेवते. येत्या होळीनंतरच्या आठवड्यात आपण मंडळातर्फे चुना एकत्र आणावा, एक पिंप विरवावे आणि आधी दहा घरे घ्यावीत. ती आपली नव्हेत. ज्या घरी म्हातारी बाई एकटी राहते, जिथे बाळंतीण आहे, जिथे अंथरुणाला खिळलेले माणूस पत्र्याखाली पडून आहे, ती घरे आधी. शिडी धरायला आणि फळी टाकायला आपली मुले आहेत. पत्र्यावर चढायचे काम जाणत्या माणसाकडेच द्यावे. आणि त्या आठवड्यात प्रत्येकीने आपल्या घरातील सर्वांत अशक्त माणूस दुपारी कोणत्या खोलीत निजते, ते एकदा जाऊन, तिथे बसून पाहावे. नुसते डोकावून नव्हे, अर्धा तास बसून. मी तेवढे केले असते तर सासूबाईंना पालघरला न्यावे लागले नसते.

घरी वडीलधारे माणूस आले की आपला हात आपसूक पदराकडे जातो. तो मान त्यांना देतो. आता त्यांच्या डोक्यावरच्या छपरालाही एक पांढरा पदर देऊ या. सासूबाई सध्या खाली माजघरातच निजतात. वरची खोली आता गार आहे, असे मी त्यांना कितीदा सांगितले. त्या म्हणतात, “आधी तू एक वैशाख तिथं काढ, मग मी येते.” यंदाचा वैशाख मी तिथेच काढला, आणि चांगला गेला. आज सर्वांच्या देखत त्यांना पुन्हा विचारते, म्हणजे त्यांना नाही म्हणता यावयाचे नाही.

 चुन्याच्या यादीत ज्यांना नावे द्यावयाची आहेत, त्यांनी चहा घेताना माझ्या वहीत द्यावीत. दुधाच्या हिशेबाचीच वही आहे, पण त्यात पाने पुष्कळ आहेत.